ज्यांनी बेड मिळवून दिला, त्यांनाच जाब कसा विचारू?

पूर्वेकडची

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी मुंबईच्या पूर्व उपनगरात राहते. मतदारसंघ, पक्ष आणि आमदारांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण एकदा पक्ष कळला की पुढचे दोनशे प्रतिसाद कशावर जातात ते मी पाहिलेलं आहे. मशीद बंदरला सुक्या मेव्याच्या एका पेढीत गेली सतरा वर्षं हिशेब लिहिते. जमेचा आकडा दिसला की नावेची बाजू शोधायची खोड लागलीय, आणि ती संध्याकाळी पेढीवर ठेवून येता येत नाही.

तर झालंय असं, की आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाची कोजागिरी आहे. आमदारसाहेब येणार, दूध त्यांच्यातर्फे. त्यांना द्यायचं मानपत्र लिहायचं आणि वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. का, तर 'तुझं अक्षर चांगलं, आणि तुझ्यावर त्यांचे उपकारही आहेत.'

दुसरं कारण खोटं नाही. एप्रिल 2021 मध्ये आईचा ऑक्सिजन 84 वर आला होता. वॉर्ड वॉर रूमचा नंबर आम्ही तिघं तीन फोनवरून लावत होतो, सतत एंगेज. रात्री साडेअकराला भावाने साहेबांच्या पीएला फोन केला आणि पाऊण वाजता बेड मिळाला. आई आज आहे. रिक्षातून जाताना साहेबांचा फ्लेक्स दिसला की ती अजूनही हात जोडते.

आता नावेची बाजू. त्याच आईला मधुमेह आहे, आणि आता किडनीचंही सुरू झालंय. दर महिन्याला आमच्या भागातल्या सार्वजनिक रुग्णालयात जातो. (त्याचंही नाव लिहीत नाही. तिथल्या सिस्टर, मामा, मावशी आम्हाला ओळखतात, आणि त्या बिचाऱ्यांचा यात काही दोष नाही.) तिथून 'हे बाहेरून आणा' अशा चिठ्ठ्या मिळतात. मी त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते, प्रत्येकीला मेडिकलचं बिल टाचून. मागच्या रविवारी मानपत्र लिहायला बसले, 'आरोग्यदूत' या शब्दापुढे पेन सरकेना, म्हणून डबा उघडून बेरीज केली. जानेवारी 2023 पासून 61 चिठ्ठ्या, 38,412 रुपये. त्यात दोनदा बाहेरून केलेली सोनोग्राफी आली. मशीन आहे, पण 'मॅडम सोमवारी येतील'. कितव्या सोमवारी ते कोणी सांगत नाही.

बाजूला साहेबांचा कार्यअहवाल होता, मानपत्रात मजकूर घालायला पीएने पाठवलेला. गुळगुळीत कागद, 48 पानं. त्यातली नऊ आरोग्याची. नेत्रतपासणी शिबिर, चष्मेवाटप, रुग्णवाहिकांचं लोकार्पण (चार फोटो, पण नंबरप्लेट एकच, मी चष्मा लावून बघितलं). आमच्या रुग्णालयाचं नाव नऊ पानांत एकदाही नाही. रोजगारावर एक पान, रोजगार मेळाव्यातल्या रांगेचा फोटो. रांगेतल्या किती जणांना नोकरी लागली याचा आकडा नाही. असा ताळेबंद मी शेठपुढे ठेवला असता तर त्यांनी मला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

भरीला सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय, 'साहेबांची संपत्ती पाच वर्षांत चौपट'. खरं-खोटं कुठे तपासतात?

मला भांडायचं नाही, पण मुकाट्याने मानपत्र वाचून खालीही बसायचं नाही. नेमकं काय विचारलं तर त्यांना 'बघू, करू' म्हणता येणार नाही? आणि खरं टोचतंय ते वेगळंच. भाऊ म्हणतो, ज्या माणसाने आईचा जीव वाचवला त्याला तू चारचौघांत 38,412 रुपयांचा हिशेब मागणार? आहे का याला उत्तर?

निवृत्त हेडक्लार्क

ताई, सरकारी कचेरीत 34 वर्षं आवक-जावक सांभाळली, तेव्हा कागदापुरतं सांगतो. भावनेचं दुसरं कोणी सांगेल.

पहिलं काम, आईचा केसपेपर काढा आणि अगदी वरची ओळ वाचा. तिथे बृहन्मुंबई महानगरपालिका छापलंय की महाराष्ट्र शासन? केईएम, सायन, नायर, कूपर, आणि उपनगरातली राजावाडी, शताब्दी, भाभा, भगवती ही पालिकेची. जे.जे., जी.टी., सेंट जॉर्जेस, कामा ही राज्याची. राज्याचं असेल तर आमदाराला पळायला जागाच नाही. पालिकेचं असेल तर पहिलं वाक्य ठरलेलं आहे, 'ताई, ते पालिकेकडे येतं.' हे अर्धं खरं आहे. 1888 च्या महापालिका अधिनियमात रुग्णालयं आणि दवाखाने चालवणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे.

उरलेलं अर्धं आता ऐका. नगरसेवकांची मुदत 7 मार्च 2022 ला संपली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रशासक आला. 227 खुर्च्या रिकाम्या झाल्या. 2023 मध्ये पालिकेने धोरण काढलं, की आमदार-खासदारांना मतदारसंघातल्या कामांसाठी पालिकेच्या तिजोरीतून 35 कोटींपर्यंत मागता येतील, पालकमंत्र्यांच्या मंजुरीने. म्हणजे पैसे मागायला पालिका आपली आणि जाब द्यायला परकी, असं कसं चालेल? साहेब विरोधी बाकांवर असतील तर म्हणतील, आम्हाला दमडी दिली नाही. खरंही असेल, सत्ताधारी आणि विरोधी आमदारांना झालेल्या वाटपातली तफावत पेपरात छापून आली होती. तेव्हा एवढंच म्हणायचं, 'साहेब, मागणीचं पत्र दाखवा.' मागून मिळालं नाही ती एक गोष्ट, मागितलंच नाही ती दुसरी.

शिवाय त्यांचा स्वतःचा आमदार निधी असतो, वर्षाला 5 कोटी. तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत खर्च होतो, तुमचं कार्यालय वांद्रे पूर्वेला. तिथे कामनिहाय यादी असते: कामाचं नाव, शिफारशीची तारीख, मंजूर रक्कम, झालेला खर्च. बहुतेक ठिकाणी ही यादी वाचताना पेव्हर ब्लॉक, बाकडी, ओपन जिम, शेड हेच फिरून फिरून येतं. आणि एप्रिल 2021 मध्ये, म्हणजे तुमच्या आई आजारी होत्या त्याच महिन्यात, आमदारांना निधीतले प्रत्येकी 1 कोटीपर्यंत कोविडसाठी वापरायची मुभा दिली गेली होती. त्यातून काय घेतलं आणि ती वस्तू आज कुठे आहे, हा फार चांगला प्रश्न आहे. वस्तू असेल तर साठा नोंदवहीत तिचा नंबर असलाच पाहिजे.

एक सापळा सांगून ठेवतो. कार्यक्रमात कोणीतरी उठून म्हणेल, पालिकेचं 2025-26 चं बजेट 74,427 कोटींचं आहे, आरोग्याला त्यातले दहा टक्क्यांच्या आसपास आहेत, अजून काय पाहिजे? तुम्ही हिशेबनीस, तुम्हाला पटकन कळेल. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात रकाने तीन: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. भाषणात नेहमी पहिला रकाना वाचतात. तुम्ही तिसरा मागा.

आता माहितीचा अधिकार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत, हे आपल्या राज्याचे नियम. उत्तराची मुदत 30 दिवस. नाही आलं तर पहिलं अपील, त्याला 20 रुपये. अर्जात 'का' हा शब्द आला की अर्ज गेला. 'सोनोग्राफी का होत नाही' याला उत्तर देणं माहिती अधिकाऱ्याला बंधनकारक नाही. 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सोनोग्राफी विभागाच्या नोंदवहीची प्रत मिळावी' याला आहे. आणि अर्ज न करताही दर सोमवारी दुपारी 3 ते 5 जिल्हाधिकारी आणि पालिका कार्यालयांत अभिलेख बघता येतात, 2018 चा शासन आदेश आहे. लोक जात नाहीत, म्हणून शिपाई 'असं काही नाही' म्हणतात. आदेशाची प्रत खिशात ठेवून जा.

बोरीबंदर

ताई, तुमचं कौतुक आहे, पण खरं सांगू? काही होत नाही. आमच्याकडे एकाने असाच प्रश्न विचारला होता. पुढच्याच आठवड्यात त्याच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक उखडले आणि पुन्हा तेच बसवले. फलकावर नाव मात्र ठळक.

आणि मानपत्र वगैरे आधी बंद करा. आमदाराने काम केलं तर तो त्याचा पगार आहे. बेस्टच्या कंडक्टरने तिकीट दिलं म्हणून शाल-श्रीफळ देता का?

रात्रपाळी

बोरीबंदर, मानपत्राबद्दल शंभर टक्के. 'काही होत नाही' याबद्दल मात्र नाही.

मी सिस्टर आहे. कुठे ते नका विचारू. पूर्वेकडची ताई, तुम्ही भावाचं बोलणं शेवटी लिहिलंय, मी तिथूनच सुरू करते. वाईट वाटून घेऊ नका.

रात्री अडीचला वॉर्डात लेटरहेड येतं. कधी व्हॉट्सॲपवर फोटो, कधी खरंच कागद घेऊन कार्यकर्ता. 'सदर रुग्ण माझ्या परिचयाचा असून...' आणि खाली सही. बेड काही त्या पत्रातून निघत नाही. बेड तेवढेच असतात, फक्त क्रम बदलतो. 2021 च्या एप्रिलमध्ये 24 वॉर्डांच्या वॉर रूम होत्या त्या याच कारणासाठी, की यादीने बेड मिळावा. तुम्ही तिघं फोन लावत होतात तेव्हा यादीत तुमच्या आईंच्या पुढेही कोणीतरी होतं. ते पुढे काय झालं मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि साहेबांना तर नाहीच. तुमच्या जागी मी असते तर मीही फोन केला असता. माझ्या सासऱ्यांच्या वेळी केलाही होता. पण म्हणूनच सांगते, त्या रात्रीचे आभार आणि त्या रुग्णालयाचा हिशेब या दोन वेगळ्या वह्या आहेत. एकीतली रक्कम दुसरीत वळती करू नका, हे तुम्ही पेढीवर रोजच करत असाल.

दुसरं, अशी कितीतरी पत्रं मुळात लागतच नाहीत. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात, सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 41कक खाली. पिवळं रेशन कार्ड घेऊन बाई आली तर तो तिचा हक्क असतो. ती आमदाराच्या पत्रासकट आली की तोच हक्क उपकार होतो, आणि पुढच्या अहवालात 'हजारोंना मदत' मध्ये तिची एक रेघ वाढते.

आता प्रश्न कसा विचारायचा. 'सोनोग्राफी मशीन आहे का' असं विचारलंत तर उत्तर येणार 'आहे', टाळ्या. मशीन चालवायला गर्भलिंग निदान प्रतिबंध कायद्याखाली नोंदणी असलेला डॉक्टर लागतो, कोणीही बटण दाबून चालत नाही. एक डॉक्टर सोडून गेला की मशीनवर चादर पडते. म्हणून पदं विचारा. क्ष-किरणतज्ज्ञांची मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यातली कायम किती, कंत्राटी आणि मानद किती. मग तंत्रज्ञ, मग परिचारिका. आणि दुसरं, रुग्ण दुसरीकडे पाठवल्याची नोंदवही असते. महिन्याला किती पाठवले एवढाच आकडा मागा. उद्घाटनाच्या फितीपेक्षा त्या वहीतून जास्त कळतं.

आणि तुमचा तो डबा. 'झिरो प्रिस्क्रिप्शन' आठवतंय ना? पालिकेच्या रुग्णालयात बाहेरची चिठ्ठी दिली जाणार नाही म्हणून केवढा गाजावाजा झाला होता. त्या घोषणेआधीच्या आणि नंतरच्या चिठ्ठ्या वेगळ्या करा. मला काय निघेल याचा अंदाज आहे, पण तुम्ही मोजा.

पूर्वेकडची

रात्रपाळी ताई, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि लॅपटॉप मिटून ठेवला. यादीत पुढे कोणीतरी असेल हे साडेचार वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं. आज पुन्हा वाचला. आभार म्हणू का नको कळत नाही, पण बरं झालं लिहिलंत.

केसपेपर बघितला, काका. वरची ओळ वाचली. आता माहीत आहे कोणाचं दार ते. संपत्तीबद्दल कोणी सांगेल का?

शपथपत्रवाचक

मी सांगतो. मला हा नादच आहे, बायको त्याला व्यसन म्हणते.

निवडणूक लढवणारा प्रत्येक उमेदवार नमुना 26 मध्ये शपथपत्र देतो. 2002 आणि 2003 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे हे आपल्याला बघायला मिळतं, कोणाच्या मेहरबानीने नाही. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर स्कॅन केलेली प्रत असते. तुमच्या आमदारांची 2019 ची आणि 2024 ची काढा, दोन्ही छापा, जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. स्क्रीनवर वाचू नका, डोळा फसतो.

'चौपट' वर लगेच उडी मारू नका. जमीन-घराची किंमत चालू बाजारभावाने लिहायची असते. 2019 मध्ये 90 लाखांचा फ्लॅट 2024 मध्ये दीड कोटी दाखवला तर त्यात चोरी नाही, ती मुंबई आहे. वडील गेले आणि गावची जमीन नावावर आली तर तीही भर पडते, 'वारसाहक्काने' हा रकाना वेगळा असतो. मी काय करतो, फक्त स्वतः विकत घेतलेल्या मालमत्ता बघतो, खरेदीची तारीख आणि खरेदीची रक्कम. 2019 नंतरच्या खरेद्यांची बेरीज एका बाजूला. दुसऱ्या बाजूला पाच वर्षांच्या विवरणपत्रांतलं उत्पन्न (तेही तिथेच असतं, पती-पत्नी दोघांचं) अधिक वाढलेली कर्जं. तुमच्या व्यवसायात याला काय म्हणतात ते तुम्हालाच ठाऊक. दोन बाजू जुळल्या तर फॉरवर्ड खोटं. नाही जुळल्या तर प्रश्न विचारायला जागा आहे, आरोप करायला अजून नाही.

आता खरी गंमत. शपथपत्रात स्वतः, पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबित व्यक्ती एवढेच येतात. मुलगा कमवायला लागला की तो अवलंबित राहत नाही, आणि त्याच्या नावावरचं सगळं पुढच्या शपथपत्रातून निघून जातं. कायद्याने बरोबर. म्हणून 2019 च्या यादीत असलेलं आणि 2024 च्या यादीत नसलेलं काय, हे वाढीपेक्षा आधी बघा. सरकारी कंत्राटांचाही रकाना आहे, बहुतेक सगळे तिथे 'निरंक' लिहितात. खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते.

गुन्ह्यांचं पान बघून घाबरू नका आणि भुलूही नका. भादंविची (जुन्या भारतीय दंड संहितेची) 143, 149, 188 आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याची 37, 135 ही कलमं म्हणजे मोर्चा, रास्ता रोको, जमावबंदी. ती नसलेला मुंबईत राजकारणी सापडणं कठीण. नजर ठेवायची ती 406, 409, 420, 467 वर, म्हणजे विश्वासघात, फसवणूक, बनावट कागदपत्रं. 1 जुलै 2024 नंतरचा गुन्हा असेल तर न्याय संहितेचे नवे आकडे असतील, 420 चं तिथे 318(4) झालंय. आणि 'दोषारोप निश्चित झाले का' हा रकाना. तिथे 'होय' असेल तर पुढचं वाचताना चहा बाजूला ठेवा.

निवृत्त हेडक्लार्क

एक राहिलं. आमदाराचं मुख्य काम विधिमंडळात असतं, बाकी सगळं जोडधंदा. तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयावर मंत्र्याला निवेदन करायला लावणारी), कपात सूचना (खात्याच्या खर्चात कपात सुचवून चर्चा घडवणारी) ही त्यांची हत्यारं. प्रजा फाउंडेशन ही संस्था मुंबईच्या आमदारांनी किती आणि कोणत्या विषयावर प्रश्न विचारले याचं प्रगतिपुस्तक काढतं, ते वाचून जा. आणि मागचं सोडून पुढचंही विचारा: डिसेंबरात नागपूरला अधिवेशन आहे, आमच्या रुग्णालयाच्या रिक्त पदांवर लक्षवेधी द्याल का? हो किंवा नाही. या प्रश्नाला 'माझ्या अखत्यारीत नाही' हे उत्तर बसत नाही.

पूर्वेकडची

कोजागिरी झाली. दोन दिवस लिहायला धीर झाला नाही.

मानपत्र मी वाचलं नाही. अध्यक्षीणबाईंना आधीच सांगितलं, की 'आरोग्यदूत' माझ्या तोंडून येणार नाही, तुम्ही वाचा. त्यांनी वाचलं. 'आरोग्यदूत' ला टाळ्या पडल्या, आईनेही वाजवल्या.

नंतर मी उभी राहिले. आधी 2021 च्या रात्रीबद्दल आभार मानले, मनापासून, नुसते सुरुवातीला चिकटवायचे म्हणून नाही. मग म्हटलं, साहेब, आता वेगळं बोलते. डबा उघडून चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. रात्रपाळी ताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन गठ्ठे केले होते. घोषणेनंतरचा गठ्ठा जाड निघाला. दोनच प्रश्न विचारले, सगळे विचारायला गेले असते तर आवाज फुटला नसता. 35 कोटींतून रुग्णालयासाठी काही मागितलं का, असेल तर पत्राची प्रत मिळेल का. आणि नागपूरला लक्षवेधी.

पहिल्यावर 'ताई, ते पालिकेकडे...' हे अगदी शब्दशः आलं. मला काकांची आठवण येऊन हसूच आलं, ते त्यांना उद्धटपणाचं वाटलं असावं. पत्राबद्दल म्हणाले, पीएशी बोला. लक्षवेधीवर मात्र थोडं थांबले आणि 'देतो' म्हणाले. ग्रुपवर त्याचा व्हिडिओ आहे, सतरा सेकंदांचा. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू उठल्या आणि म्हणाल्या, माझ्याकडेपण आहेत चिठ्ठ्या, पण मी फेकते. मग दूध वाटलं.

शपथपत्रं काढली. टेबलावर ठेवली, काकडीची कोशिंबीर बाजूला सारून. 'चौपट' खोटं आहे, अडीच पटीच्या थोडं आत आहे आणि त्यात घराचा भाव बराच आहे. एक दुकानाचा गाळा 2019 मध्ये मुलाच्या नावावर होता, 2024 मध्ये मुलगाच यादीत नाही. फॉरवर्ड खोटं आहे असं मी ग्रुपवर लिहिलं. गाळ्याचं नाही लिहिलं, आणखी एकदा सगळं तपासल्याशिवाय लिहिणार नाही.

भाऊ बोलत नाहीये. आईचं म्हणणं एवढंच, की दूध प्यायच्या आधी विचारायला नको होतं.

काल दुपारी पेढीवर असताना पीएचा फोन आला. अतिशय गोड आवाज. 'ताई, साहेबांनी सांगितलंय, आईंची औषधं दर महिन्याला आपण घरपोच देऊ. चिठ्ठीचा फोटो तेवढा टाकत जा.' मागणीच्या पत्राचं विचारलं तर म्हणाले, शोधतो. मी औषधांना हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. महिन्याला हजार-बाराशेचा प्रश्न आहे, आणि आमच्या घरात तो लहान नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. ती हो म्हणेल.

आज सकाळी कामावर जायच्या आधी माहितीच्या अधिकाराचे दोन अर्ज दिले, पदांचा एक, नोंदवहीचा एक. खिडकीवरच्या बाईंनी 'का' आहे का ते आधी बघितलं. नव्हता. शिक्का मारून दिला.

रात्रपाळी

औषधांचं मी सांगू शकत नाही ताई. तुम्ही घेतलीत तरी मी नाव ठेवणार नाही. फक्त घेतलीत तर त्या चिठ्ठ्याही डब्यात ठेवा, किंमत लिहून.

निवृत्त हेडक्लार्क

पोचपावतीची आजच झेरॉक्स काढा. त्या शिक्क्याची शाई महिन्याभरात उडते.